वाचकांचे प्रश्न : साड्यांमागची बारोलो

प्रश्न : भाचा तुरीनला शिकतो. दिवाळीला आला तेव्हा इटलीच्या लाल वाइनची बाटली घेऊन आला. वर ‘बारोलो, २०१९’ लिहिलंय. एका लहानशा कुटुंबाच्या मळ्यातली आहे म्हणे, नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. दहा वर्षं ठेवली तर आणखी छान होते, असं सांगून गेला. २०३० मध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील, तेव्हा सावजी मटणाबरोबर उघडू असं यांच्या मनात आहे. सध्या बेडरूमच्या कपाटात, साड्यांमागे ठेवली आहे. चालेल ना?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, बाटली आधी कपाटातून काढा. बाकीचं मग वाचा.

भाच्याचं चूक नाही. बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची होते आणि कायद्याने ती ३८ महिने मुरवावीच लागते, त्यातले १८ लाकडाच्या पिंपात. तुमची २०१९ची वाइन २०२३ उजाडेपर्यंत विकायलाच निघाली नसणार. पुढची दहा-पंधरा वर्षंही ती सुधारत जाते, पण तळघरात, जिथे बारा महिने गारवा सारखाच असतो. आपल्याकडे नवतप्यात पारा ४५च्या घरात जातो. कूलर बंद केला की रात्रीसुद्धा भिंत हाताला गरम लागते.

माझी एक चांगली बाटली अशीच गेली. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटात दोन उन्हाळे ठेवली होती. काढली तेव्हा बूच नखभर वर आलेलं, मानेवरून लाल चिकट ओघळ सुकलेला. ओतली तर शिजवलेल्या मनुकांचा वास, आणि चव आंबट, बसकी. ती बेसिनमध्ये ओतताना फार वाईट वाटलं. तुमची तशी जाऊ नये, म्हणून एवढी घाई करतोय.

नाव ऐकलं नाही याची काळजी नको. आपल्याकडे संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकतात ना, तसंच बारोलोच्या ११ गावांतली कितीतरी कुटुंबं पूर्वी द्राक्षं मोठ्या पेढ्यांना घालायची. मागच्या साठेक वर्षांत त्यातल्या अनेकांनी आपल्याच उतारावरच्या द्राक्षांची वाइन आपल्याच नावाने भरायला घेतली. लेबलवर ‘अझिएंदा अग्रिकोला’ असेल तर द्राक्षं त्यांच्याच शेतातली. मानेवर नंबर असलेली सरकारी पट्टी असते, तीही बघा. अशा घरची बाटली मला मोठ्या नावापेक्षा जास्त मोलाची वाटते.

आता सावजीबद्दल, आणि हे यांनाही वाचून दाखवा. नेब्बिओलो चांगलीच तुरट असते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते, तशी. त्यात अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास. सावजीच्या तिखटावर ही घेतली तर तिखट आणखी भडकेल आणि वाइनचा सुवास कुठल्या कुठे जाईल. सावजी दुसऱ्या दिवशी करा. हिच्याबरोबर चरबीचं मटण हवं. कांदा, लसूण, काळी मिरी आणि तूप घालून मंद आचेवर शिजवलेलं. चरबीने तुरटपणा मवाळ होतो.

उघडायची ती मार्च लागण्याआधी, रात्री अजून गार आहेत तोवर. जमत नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, पण याच वर्षी संपवा. २०३० साठी भाच्याला त्याच घरची दुसरी घ्यायला सांगा. तिथे कुठे थंड तळघरात ठेवायची सोय झाली तर उत्तमच, येताना घेऊन येईल.

ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी सकाळीच बाटली उभी करा, गाळ खाली बसेल. जेवणाच्या दोन तास आधी काचेच्या जगमध्ये हलक्या हाताने ओता, गाळ दिसला की थांबा. रंग फिका, विटकरीकडे झुकणारा दिसेल. पाणी घातलंय असं समजू नका, नेब्बिओलोचा रंगच तसा. पहिला घोट घेण्याआधी ग्लास नाकाजवळ धरा. सुकलेल्या गुलाबपाकळ्यांसारखा वास आला, तर कपाटात तिला काही झालेलं नाही.