हिरवळीवर पाय ठेवायची परवानगी

प्रश्न : ताई, आमचा मुलगा अठरा वर्षांचा आहे. ए-लेव्हल्स (इथली बारावी) बरे गेले, युनिव्हर्सिटीच्या दोन ऑफर हातात होत्या. त्या सोडून त्याने केंब्रिजमधल्या एका जुन्या कॉलेजच्या बागेत अप्रेंटिसची जागा घेतली आहे. सप्टेंबरात रुजू व्हायचंय. आम्ही पीटरबरोला राहतो, रोज ट्रेनने जाईन म्हणतो. माझे सासरे कोल्हापूरला असतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते फोनवर म्हणाले, "नातू केंब्रिजला गेला आणि तिथे माळी झाला, हे मी चारचौघांत सांगू कसं?" यजमान गप्प आहेत. मुलगा मराठी नुसती बोलतो, तुमचं सदर मीच त्याला वाचून दाखवते. त्याचे तीन प्रश्न आहेत : पहिल्या वर्षात काय काम असतं, पैसे किती मिळतात आणि सोबत काय न्यायचं? माझा एकच : हे बरोबर चाललंय का?
— एक आई, पीटरबरो

उत्तर : आधी मुलाचं बघू, कारण सकाळी साडेसातला गेटात त्याला उभं राहायचंय. तर मोठ्याने वाचा.

ऐक रे. तुझं पहिलं वर्ष म्हणजे पानं. ऑक्टोबर लागला की ख्रिसमसपर्यंत तू पानं गोळा करशील. आज साफ केलेली वाट उद्या सकाळी पुन्हा तशीच दिसेल आणि तुला वाटेल, हे लोक माझी परीक्षा बघताहेत. परीक्षा वगैरे काही नसते, झाडं खूप असतात. पण पानापानांत फरक असतो, तो तिथेच कळतो. लाइमचं पान मऊ, ढिगात टाकलं की वर्षा-दीड वर्षात काळंभोर खत. प्लेन नावाच्या झाडाचं पान चामड्यासारखं, ते कुजायचं नाव घेत नाही, म्हणून त्याचा ढीग वेगळा. (लाइम म्हणजे इथलं एक मोठं सावलीचं झाड, लिंबू नव्हे. मीही इथल्याच एका कॉलेजच्या बागेत माळी आहे. पहिल्या दिवशी मला "लाइम ॲव्हेन्यूत जा" म्हणून सांगितलं आणि मी अर्धा तास लिंबाची झाडं शोधत फिरले. सासवडच्या मुलीला लाइम म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?)

पानांनंतर हिरवळीच्या कडा. दोरी ताणायची, फळी टाकायची, फळीवर उभं राहून अर्धचंद्री पात्याने कड कापायची. सोपं वाटतं. शंभर फूट कापून झाल्यावर मागे वळून बघ, तुझी सरळ रेघ सापासारखी गेलेली असेल. पहिल्या वर्षी सगळ्यांची जाते.

आणि एक गोष्ट आत्ताच पाठ कर. कडाक्याच्या थंडीत दव गोठून हिरवळ पांढरी झालेली असेल तेव्हा तिच्यावर पाय ठेवायचा नाही, जवळची वाट असली तरी नाही. गोठलेलं पातं पायाखाली मोडतं आणि ऊन आल्यावर पावलं काळी उमटतात. पंधरा-पंधरा दिवस दिसतात. बूट कोणाचे, हे ओळखायला पोलिस लागत नाहीत.

बागेचं वर्ष कॉलेजच्या वर्षाशी बांधलेलं असतं, हे रोपांच्या नर्सरीत शिकून येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा असतात, तेव्हा हॉलजवळ यंत्रं बंद. गवत गुडघ्याला लागलं तरी हातकात्री घ्यायची. मग मे बॉल, म्हणजे परीक्षा संपल्यावरची रात्रभराची नाच-मेजवानी, जी जूनमध्ये असते. हिरवळीवर रात्रभर तंबू, आणि तंबू निघाला की खाली पिवळा चौकोन. मग थोड्याच दिवसांत पदवीदान, सगळे आईवडील फोटो काढायला नेमके त्या चौकोनावर उभे. तू पाण्याची नळी घेऊन झाडामागे थांबायचं आणि हसायचं.

या गावात पाणी हाच मोठा विषय आहे. केंब्रिज इंग्लंडच्या कोरड्या भागात आहे, वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. २५ जुलै २०१९ ला इथल्या बोटॅनिक गार्डनमधल्या तापमापकाने ३८.७ अंश दाखवलं, तेव्हाचा तो ब्रिटनचा उच्चांक होता. मी त्या दिवशी कामावर होते. बाकीचे सावलीत बसले, आणि मी आमच्या पुरंदरच्या पद्धतीने सकाळी सहालाच पाणी आणि आच्छादन उरकून घेतलेलं. मुळाशी पाणी, वर पालापाचोळा, दुपारी माणूस घरात. त्या एका दिवशी माझा भाव वधारला.

तो फार दिवस वधारलेला राहिला नाही, कारण अंजीर. हे नीट ऐक, कामाचं आहे.

माझ्या वडिलांची अंजिराची बाग होती. मी चौतिसाव्या वर्षी इथे शिकाऊ म्हणून लागले तेव्हा लॅटिन नावं येत नव्हती, गवत कापायचं यंत्र चालवता येत नव्हतं, पण अंजीर येत होतं. कॉलेजच्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला ब्राऊन टर्की जातीचं जुनं झाड पसरवून बांधलेलं होतं. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मला वाटलं, याला कुणी छाटतच नाही बिचाऱ्याला. मुख्य माळी रजेवर होते. मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेतलं आणि सगळे शेंडे आमच्याकडच्यासारखे मागे घेतले. आपल्याकडे छाटणी केली की नवी फूट येते आणि त्या फुटीवर फळ धरतं, अंजिराच्या दोन हंगामांपैकी खट्टा बहार म्हणा, मीठा बहार म्हणा.

मुख्य माळी परत आले, भिंतीपाशी थांबले. काही बोलले नाहीत. मी टाकलेल्या फांद्यांतली एक उचलली, शेंड्याजवळचं वाटाण्याएवढं हिरवं बोंड नखाने दाखवलं आणि म्हणाले, "हा पुढच्या ऑगस्टचा माल." इथे नव्या फुटीवर फळ धरतं, पण ते पिकायला ऊन पुरत नाही. पिकतं ते शेंड्यावर हिवाळाभर तग धरून राहिलेलं बारीक बोंड. शरदात मोठी कच्ची फळं काढून टाकायची आणि ती वाटाण्याएवढी ठेवायची. मी नेमके तेच शेंडे कचऱ्यात घातले होते. पुढच्या वर्षी त्या भिंतीवर पानं अशी झाली की फोटो काढावा. अंजीर एकही नाही.

तुला छाटणी येत असेल, आईच्या अंगणात गुलाब वाढवला असशील, तरी पहिले बारा महिने त्या जागेवर काय होतं ते नुसतं बघ. लहान वही खिशात ठेव. कुठल्या भिंतीवरचं दव शेवटी वितळतं, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, भिंतीवरचा विस्टेरियाचा वेल कधी फुटतो. विस्टेरियाची छाटणी वर्षातून दोनदा : उन्हाळ्यात नव्या वेली पाच-सहा पानांवर, हिवाळ्यात त्याच दोन-तीन डोळ्यांवर. वहीत तारीख लिहून ठेवलीस तर पुढच्या वर्षी विचारावं लागणार नाही.

झाडांच्या आजारपणाचंही तसंच. बोटॅनिक गार्डनमध्ये न्यूटनच्या सफरचंदाच्या वंशातलं एक झाड होतं, १९५४ मध्ये लावलेलं. फेब्रुवारी २०२२ च्या युनिस वादळात ते पडलं. वादळ निमित्त झालं, मुळं हनी फंगस नावाच्या बुरशीने आधीच खाल्लेली होती. खणताना मातीत बुटाच्या काळ्या नाडीसारखे धागे दिसले तर हात थांबव आणि मोठ्यांना हाक मार. त्या झाडाची कलमं मात्र तिथल्या लोकांनी आधीच करून ठेवली होती. कलम बांधायला मिळालं तर कधी नाही म्हणू नकोस.

आणि जुन्या कॉलेजात काही बदलत नाही असं कुणी सांगितलं तर त्याला किंग्ज कॉलेजच्या मागे ने. नदीकडची हिरवळ १७७२ पासूनची, त्यातल्या मोठ्या तुकड्यात २०१९ मध्ये रानफुलांचं बी पेरलं. त्यातलं गवत कापायला शायर जातीचे घोडे आणले. पुढे संशोधकांनी मोजलं तर कापीव हिरवळीपेक्षा तिथे वनस्पती, कोळी आणि किडे मिळून तिप्पट जाती भरल्या. काही जुन्या माळ्यांना तो प्रकार अजून अस्ताव्यस्त वाटतो. मलाही ऑगस्टमध्ये वाटतो. जूनमध्ये नाही.

पैसे. अप्रेंटिसचं किमान वेतन एप्रिल २०२५ च्या दराने तासाला ७.५५ पौंड होतं. आठवड्याचे ३७ तास धरले तर २७९ पौंड आणि वर चिल्लर. पहिलं वर्ष संपलं आणि तू एकोणीसचा झालास की तुझ्या वयाचा दर लागू होतो, तो एप्रिल २०२५ मध्ये १८ ते २० वयाला १० पौंड होता. कॉलेजं पुष्कळदा किमानाहून जास्त देतात, तेव्हा नेमणुकीचं पत्र नीट वाच, आणि दुपारचं जेवण मिळतं का ते विचार. महिन्याच्या हिशेबात ते जेवण मोठं असतं. शिक्षणाची फी तुझ्याकडून घेत नाहीत. शिकायचा वेळ पगारी असतो, बहुतेक ठिकाणी आठवड्यातला एक दिवस किंवा सलग काही दिवस शेतकी कॉलेजात. पीटरबरोहून येणार असशील तर ट्रेनचा पास हाच खरा खर्च, आणि पहिली गाडी वेळेत पोचते का हा खरा प्रश्न. एखाद्या सकाळी एकदा जाऊन बघ. स्टेशनपासून कॉलेजं लांब आहेत, सायकल लागेल.

सोबत काय न्यायचं : मोजे. हसू नकोस. दोन जोड जास्तीचे, रोज. बूट, हातमोजे कॉलेज देतं. ओले मोजे तुझे तुझे. गुडघ्याखाली घ्यायची जाड गादी पहिल्या पगारातून घे. अठराव्या वर्षी गुडघा आहे हे कळतही नाही, मला आता जिन्यावर कळतं. सिकेटर स्वतःचं घ्यायची घाई नको, सहा महिने तिथलं वापर, मग हाताला कुठलं बसतं ते समजेल.

आता तुम्ही, बाई.

बरोबर की चूक हे मी पीटरबरोच्या मुलाला न बघता कसं सांगू? एवढं सांगते : तो फेब्रुवारीपर्यंत टिकला तर टिकला. ज्यांना जायचं असतं ते डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसात, ओल्या पानांच्या ढिगाशी ठरवतात. त्याने तसं ठरवलं तर युनिव्हर्सिटी पुढच्या वर्षीही तिथेच असेल, ओरडू नका. आणि माळीकामात पैसा मोठा नाही, केंब्रिजमधलं घरभाडं मोठं आहे, हेही लपवत नाही. आमच्याकडचे दोघंजण चांगलं शिकून, करवत आणि फवारणीची प्रमाणपत्रं घेऊन झाडांच्या कामाला बाहेर पडले. ते माझ्याहून बरे कमावतात.

यजमान गप्प आहेत तर त्यांना रविवारी बाग बघायला न्या. शब्दांनी काही होणार नाही.

सासऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे दोन गोष्टी आहेत, मुख्याध्यापक आहेत म्हणून. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले ते इथल्याच सेंट जॉन्स कॉलेजातून, हे त्यांना माहीत असणारच. तर आजही इथल्या बहुतेक कॉलेजांत हिरवळीवर पाय ठेवायचा अधिकार फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापक मंडळींचा. विद्यार्थ्याने, तो कितीही हुशार असो, कडेच्या फरशीवरून वळसा घालायचा. फेलोंखेरीज बिनदिक्कत हिरवळीवर असतो तो माळी. तुमचा नातू पहिल्याच सोमवारी मधोमध असेल.

दुसरी. केंब्रिजजवळ अँगलसी ॲबीच्या हिवाळी बागेत पांढऱ्याशुभ्र खोडांच्या बर्चची राई आहे, बघायला माणसं लांबून येतात. ती झाडं हिमालयातली, म्हणजे आपला भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या तो. त्या प्रकाराच्या लॅटिन नावात जॅकमाँटी येतं, व्हिक्तोर जॅकमाँ या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञावरून. हा माणूस हिंदुस्थानभर झाडं गोळा करत हिंडला आणि १८३२ मध्ये मुंबईत वारला. नातवाला झाडं ओळखायच्या परीक्षेत या झाडाची फांदी समोर येईल तेव्हा तो लॅटिन नाव सांगेल. भूर्जपत्राचं आजोबांनी त्याला फोनवर सांगावं, म्हणजे दोघांना बोलायला विषय होईल.

प्रश्न : मी नाशिकचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून उद्यानविद्येची पदवी घेतली आहे. इंग्लंडमधल्या अशाच जुन्या कॉलेजात अप्रेंटिसशिप मिळवून देतो, दीड लाख भरा, असं एक एजंट म्हणतो. भरू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. इंग्लंडची सरकारी अप्रेंटिसशिप तिथे काम करायचा हक्क असलेल्यांसाठी आणि साधारणपणे आधीची तीन वर्षं तिथेच राहिलेल्यांसाठी असते. भारतातून थेट या वाटेने येता येत नाही, आणि आलेल्या मुलाकडूनही शिकवायचे पैसे घेत नाहीत. दीड लाख नेमके कशाचे, हे त्याला लेखी विचारा.

तुमची पदवी शिकाऊ मुलाहून वरची आहे, हेही लक्षात घ्या. जुन्या बागेतच काम शिकायचं असेल तर पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, गणेशखिंडीची बाग आहे, मुंबईत राणीची बाग आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, त्याच्या आधीचे पंधरा दिवस तिथे हात कमी पडतात. डिसेंबरच्या सुरुवातीला जाऊन भेटा, अर्ज खिशात ठेवा आणि जाताना खुरपं धरता येईल असे कपडे घाला.