वाचक विचारतात : नरच नाहीत, तर मीलन कशासाठी?

प्रश्न : सरड्यांच्या काही जातींत नर नसतातच, सगळ्या माद्या असतात आणि तरीही त्या एकमेकींशी मीलन करतात, असे आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितले. पिल्ले नराशिवाय होत असतील, तर हा खटाटोप कशासाठी? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या प्राध्यापकांनी सांगितले ते खरे आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि उत्तर मेक्सिकोत राहणाऱ्या, चाबकासारख्या लांब शेपटीच्या व्हिपटेल सरड्यांच्या अनेक जाती केवळ माद्यांच्या आहेत. त्यांची अंडी फलनाशिवायच वाढतात आणि पिल्ले आईची जनुकीय प्रतिकृती असतात. डेव्हिड क्रूज या शास्त्रज्ञाने केव्हिन फिट्झजेराल्ड या सहकाऱ्यासह 1980 मध्ये या माद्यांच्या वर्तनाची नोंद प्रसिद्ध केली. क्रूज यांनी पुढे टेक्सास विद्यापीठात या सरड्यांवर अनेक वर्षे काम केले.

त्यांना दिसले ते असे. एक मादी दुसरीला जबड्यात धरते, तिच्या पाठीवर चढते, शेपटी तिच्या शेपटीखाली वळवते आणि मग जबड्याची पकड बदलून अंगाचे जणू कडे करून काही मिनिटे तशीच राहते. नर असलेल्या जवळच्या जातींत नर नेमके हेच करतो. येथे शुक्राणूंचा प्रश्नच नसल्याने या क्रियेला आभासी मीलन म्हणतात. पिंजऱ्यात दाटीवाटीने ठेवल्यामुळे प्राणी असे विचित्र वागतात, असा आक्षेप काही सरीसृपतज्ज्ञांनी घेतला होता आणि तो घेणे रास्तच होते; मात्र 1991 मध्ये हे वर्तन निसर्गातही आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

आता आपला ‘कशासाठी’. एकट्या ठेवलेल्या मादीने अंडी घातली, पण कमी. सोबत नरासारखी वागणारी मादी असली, तर अधिक. म्हणजे या क्रियेतून मिळणारी चेतना बीजकोशाच्या वाढीला हातभार लावते. त्याहून रंजक गोष्ट भूमिकांच्या अदलाबदलीची आहे. अंडी बीजकोशात पक्व होत असताना, रक्तात इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक वाढलेले असते तेव्हा, मादी मादीसारखी वागते. तीच मादी बीजोत्सर्गानंतर, म्हणजे अंडी बीजकोशातून सुटल्यावर, इस्ट्रोजेन उतरून प्रोजेस्टेरॉन चढले की, नराची भूमिका घेते. काही आठवड्यांत हे चक्र पुन्हा फिरते आणि जोडीतल्या दोघींची चक्रे पुढेमागे असल्याने एकीची वरची पाळी, तर दुसरीची खालची. ‘नरासारखी’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो, एवढे लक्षात ठेवावे. त्या मादीच्या अंगात पुरुषी संप्रेरक वाढलेले नसते. गर्भधारणेशी ज्याचे नाव आपण जोडतो, त्या प्रोजेस्टेरॉननेच हे काम अंगावर घेतलेले असते. संशोधकांनी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या केंद्राच्या पुढच्या भागात संप्रेरकाचा सूक्ष्म कण ठेवला, तेव्हा मादी दुसरीवर चढू लागली. इस्ट्रोजेनचा कण त्याच्या मागच्या, मधल्या केंद्रात ठेवला, तेव्हा तिने दुसरीला प्रतिसाद दिला. दोन्ही वर्तनांची यंत्रणा एकाच मेंदूत शाबूत असते, हे दाखवायला नर नसलेल्या जातीइतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणे अवघड होते.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या बांधावर धामणींचा जुग लागलेला पाहिला. प्रणयकाळी नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढते म्हणून हे होते का? (एक शेतकरी वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण ज्याला जुग, म्हणजे नर-मादीचे मीलन, समजतो, ती पुष्कळदा दोन नर धामणींची कुस्ती असते. त्यावर कपडा टाकून तो घरात जपून ठेवण्याचा खटाटोप करू नये आणि जवळही जाऊ नये, हे ओघाने आले. आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र सरळ ‘हो’ असे देता येत नाही आणि त्याला कारण क्रूज यांचेच आणखी एक काम आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात लाल पट्ट्यांचे गार्टर साप चुनखडीच्या कपारींत हजारोंच्या संख्येने लांबलचक हिवाळा काढतात. वसंतात नर आधी बाहेर येतात आणि एखादी मादी वर आली की तिच्याभोवती डझनावारी नरांचा गुंता होतो. या वेळी नरांचे वृषण आक्रसलेले असतात आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक अगदी कमी असते. शुक्राणू आदल्या उन्हाळ्यात तयार करून साठवलेले असतात. वृषण काढून टाकलेले नरही तितक्याच जोमाने मादीच्या मागे लागतात. तेथे प्रणय जागा होतो तो दीर्घ थंडीनंतरच्या उबेने. धामणीला असा हिवाळा नसतो, त्यामुळे मॅनिटोबाचा नियम बांधावर लावू नये. पण एका जातीचे गणित सर्वांना लागू होत नाही, हे खरे.

प्रश्न : वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहिली. वाळूच्या उष्णतेवर नर की मादी ठरते, असे तेथे ऐकले. हे कसे सिद्ध झाले? (एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : ऐकले ते बरोबर आहे. वेळासला येणाऱ्या रिडले या सागरी कासवांत गरम वाळूतून माद्या, तर त्या मानाने थंड वाळूतून नर अधिक निघतात. हे कसे घडते, याची उकल करण्यासाठी क्रूज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील लाल कानाच्या गोड्या पाण्यातील कासवांची अंडी घेतली. आपल्याकडे हौसेने पाळली जाणारी छोटी कासवे याच जातीची. सुमारे 26 अंश सेल्सिअसला या अंड्यांतून नर निघतात आणि 31 अंशांना माद्या. त्यांनी नर निघायला हवेत अशा तापमानातल्या अंड्यांच्या कवचावर, बरोबर योग्य दिवसांत, इस्ट्रोजेनच्या द्रावणाचे थेंब सोडले. आत माद्या तयार झाल्या. लिंग ठरण्याचा हा हळवा काळ उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. त्याआधी किंवा नंतरच्या उष्णतेने लिंग पालटत नाही. 1994 मध्ये याच पद्धतीने कवचावर पीसीबी गटातील काही औद्योगिक रसायने लावली, तेव्हाही नरांच्या जागी माद्या निघाल्या. म्हणून वेळासला अंडी सुरक्षित जागी हलवून पुरताना घरट्याची खोली आणि त्यावरची सावली यांना जे महत्त्व आहे, ते अंडी वाचवण्यापुरते नाही. कोणती पिल्ले बाहेर येतील, हेही तेथेच ठरत असते.