वाचकांचे प्रश्न : सोलापूर रस्ता मुंबई रस्त्याला मिळतो तरी कोठे?

प्रश्न : आमचा भाजीपाल्याचा टेम्पो केडगावहून (ता. दौंड) आठवड्यातून दोनदा वाशीच्या बाजारात जातो. चौफुल्याहून हडपसरला यायला लागतो तेवढाच वेळ पुढे पुणे ओलांडण्यात जातो आणि माल उशिरा पोचला की भाव पडतो. सोलापूर आणि मुंबई हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग असताना ते एकमेकांना थेट जोडलेले का नाहीत? ड्रायव्हरला कोणता रस्ता सांगावा?
— एक वाचक, केडगाव

उत्तर : ते जोडलेले होते; सांधा निखळला तो नंतर. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत मछलीपट्टणमला जाई, आणि मुंबईहून बंगळूरकडे जाणारा क्रमांक ४ हा खडकी, शिवाजीनगर, स्वारगेट, कात्रज असा शहराच्या पोटातून जात असे. त्यामुळे हडपसर, पूलगेट करीत आलेल्या सोलापूरच्या गाडीला मुंबईचा रस्ता शहरातच सापडे. पुढे देहूरोड ते कात्रज हा बाह्यवळण मार्ग शहराच्या पश्चिमेकडून काढला गेला, मुंबई–बंगळूर वाहतूक तिकडे वळली आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही किवळ्याला येऊन त्यालाच मिळाला. मुंबई रस्ता असा पश्चिमेला सरकला, सोलापूर रस्ता मात्र पूर्वेकडून येऊन जुन्याच जागी थांबला, आणि या दोघांना जोडण्याचे काम मधल्या शहराच्या गळ्यात पडले. २०१० मध्ये ९ चा ६५ आणि ४ चा ४८ झाला, पण नव्या क्रमांकांनी हे अंतर काही मिटले नाही.

याचा सगळा भार हडपसरच्या गाडीतळावर येतो. ही जागा मुळातच फाट्याची आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी येथूनच दिवे घाटाकडे, सासवडच्या वाटेला लागते आणि तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे सरळ पुढे जाते. वारीनंतरही वाटा निवडण्याचे काम येथे रोजच चालते. मध्यंतरी सकाळी आठच्या सुमारास मी उड्डाणपुलाखाली उभा असताना उमरग्याहून आलेल्या एका ट्रकचालकाने रिक्षावाल्याला विचारले, ‘दादा, मुंबईला कुठून काढू?’ रिक्षावाल्याने आधी मगरपट्ट्याकडे हात केला, मग थांबून सासवड रस्त्याकडे केला. त्याची काही चूक नव्हती, कारण दोन्ही उत्तरे अर्धीच बरोबर होती. मगरपट्ट्याकडून गेले तर खराडी, येरवडा करीत शहरातूनच जावे लागते, आणि शहरातल्या अनेक रस्त्यांवर अवजड वाहनांना दिवसा मज्जाव असतो.

सासवड रस्त्याने मंतरवाडी फाट्याला वळले की उंड्री, खडी मशीन चौक आणि कात्रज–कोंढवा रस्ता असा मार्ग आहे. मुंबई–बंगळूर महामार्ग गाठण्यासाठी दक्षिणेकडून बहुतेक अवजड वाहतूक हाच धरते. या रस्त्याची रुंदी आधी ८४ मीटर ठरली होती. जागा ताब्यात येईना म्हणून ती ५० मीटरवर आणली गेली, आणि तरीही काम वर्षानुवर्षे रेंगाळले. दोन महामार्गांना जोडणाऱ्या रस्त्याला गल्लीसारखे वागवले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या रस्त्यावर शाळेची मुलेही आहेत आणि सिमेंटचे बल्करही. आपला ड्रायव्हर या बाजूने गेलाच, तर नवले पुलाजवळ महामार्गावर चढताना त्याने विशेष सावध राहावे. साताऱ्याकडच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडले की तेथपर्यंत लांबलचक उतार आहे, डिझेल वाचवण्यासाठी काही जण त्या उतारावर गाडी न्यूट्रल करतात, आणि मग ब्रेक तापून निकामी झाले की समोरच्या गाड्यांवर आदळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तेथे जे अपघात वारंवार झाले, त्यांतल्या अनेकांचे मूळ यातच आहे.

आपल्यासाठी मात्र पुण्यात न येणे हेच बरे. चौफुल्याहून उत्तरेला पारगावकडे भीमा ओलांडून न्हावरा गाठावे, तेथून नगर रस्त्यावरचे शिक्रापूर, नाशिक रस्त्यावरचे चाकण आणि मग तळेगाव करीत मुंबई रस्ता धरावा. द्रुतगती मार्गावर उर्से येथे चढता येते. अंतर थोडे वाढेल. खरी अडचण चाकणच्या तळेगाव चौकात आहे, कारण तेथे कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी वाहने जागची हलत नाहीत. त्यामुळे रात्रीचे जेवण आटोपूनच टेम्पो केडगावातून सोडावा.

प्रश्नाचा कायमचा निकाल पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार मार्गाने (रिंग रोडने) लागायचा आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलेल्या या मार्गाचा पूर्व भाग नाशिक, नगर, सोलापूर आणि सासवड हे रस्ते शहराबाहेरच एकमेकांना जोडणार आहे. मात्र तो झाला तरी सोलापूर रस्त्यावरून त्यावर चढण्या-उतरण्याची सोय कोठे आणि कशी असेल, यावरच आपल्या टेम्पोला त्याचा किती उपयोग होईल हे ठरेल. आपल्या भागातल्या ग्रामपंचायतींनी आणि भाजी उत्पादकांनी ही मागणी आताच लेखी मांडावी, कारण काँक्रीट पडल्यावर रस्त्याला नवे तोंड फोडून मिळत नाही.