सव्वीस जानेवारीला पवना धरणाकाठी कॅम्पिंगला जाताय? मग हे आधी करा

पहिल्यांदाच मुलांना घेऊन जाताय ना, मग टेंट आधी गच्चीवर एकदा लावून बघाच, कारण तिथे अंधारात दांडे जुळवताना पोरं भुकेने रडायला लागली की काही सुचत नाही. आमचं पहिल्या वेळी तसंच झालं होतं. जानेवारीत जमीन मुरमाड आणि कडक असते, खुंट्या वाकतात, म्हणून छोटी हातोडी घ्या.

२०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी येतेय, म्हणजे शनिवारपासून लोणावळ्याकडे गर्दी, त्यामुळे सकाळी सहाच्या आत पुणं सोडा आणि कामशेतवरून आत जा.

थंडी खालून येते हे लक्षात ठेवा! नुसती पांघरुणं वाढवून उपयोग नाही, खाली फोमची मॅट, त्यावर सतरंजी आणि मग स्लीपिंग बॅग, पोरांना कानटोपी आणि कोरडे मोजे झोपताना. पहाटे दव इतकं पडतं की टेंटचं कापड हाताला ओलं लागतं, तरी वरच्या खिडक्या थोड्या उघड्याच ठेवा. आणि शेगडी किंवा निखारे ऊब म्हणून टेंटमध्ये अजिबात न्यायचे नाहीत, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

धरणाच्या पाण्यात पोरांना उतरू देऊ नका, काठाला गाळ आणि पुढे एकदम खोल.

जेवणाला भाजणीचं पीठ न्या, थालीपीठं तव्यावर पटापट होतात. कचऱ्याची पिशवी मात्र परत घरी आणा हां.