दोन लाख किलोमीटर पळालेली फोर बाय फोर, होडी ओढण्यापुरती

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: राहायला मालाड, पंधरा फुटी फायबरची होडी मार्व्याला पाहुण्यांच्या वाडीत, इंजिन आणि ट्रेलर धरून वजन ७०० किलोच्या आसपास. महिन्यातून एखाद्या वेळी ती रेवदंड्याला न्यायची. २०१२ ची स्कॉर्पिओ फोर बाय फोर (गरज पडली की चारही चाकांना जोर देणारी) तुमच्या बजेटात मिळतेय, पण मीटरवर २ लाख १० हजार आहेत आणि घरचे म्हणताहेत, एवढी पळालेली गाडी कोण घेतं?

मी घेतो. अशा तीन घेतल्या, त्यातली एक रडवून गेली, पण ती किलोमीटरमुळे नाही. २०१२ पासून २ लाख १० हजार म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा हजार, हायवेवर नियमित चालणाऱ्या गाडीचा हिशेब. मला भीती वाटते ती त्याच वर्षाच्या, ८० हजार दाखवणाऱ्या गाडीची. एक तर मीटर मागे फिरवलेलं, नाहीतर गाडी खाडीकाठच्या बिल्डिंगखाली वर्षानुवर्षं उभी राहून कुजलेली. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर म्हणतंय ८० हजार, तर चहा पिऊन परत या.

ताकदीची काळजी सोडा. स्कॉर्पिओच्या २.२ लिटरच्या एमहॉक इंजिनाची १२० हॉर्सपॉवर ७०० किलोला भरपूर आहे. कुणीतरी जिप्सी सुचवलीय. जिप्सी माझी लाडकी, पण ती स्वतःच जेमतेम टनभर. मागे ७०० किलो लावले तर उतारावर कोण कुणाला नेतंय तेच कळणार नाही. ओढणारी गाडी वजनदार हवी, त्यामुळे स्कॉर्पिओ किंवा सफारी हाच रस्ता बरोबर आहे.

आता खरी गोष्ट. फोर बाय फोर तुम्हाला लागणार दिवसातून पंधरा मिनिटं: शेवाळलेल्या उतारावर नाहीतर ओल्या वाळूत, होडी पाण्यातून वर काढताना. माझ्या पहिल्या गाडीला डॅशबोर्डवर नॉब होता, फिरवला की हिरवा दिवा लागायचा. दिवा बघूनच मी खूश. पहिल्यांदा वाळूत होडी जोडून नॉब फिरवला, दिवा लागला, मागची चाकं खड्डा खणायला लागली आणि पुढची ढिम्म हलेनात. खाली वाकून पाहिलं तर पुढचा शाफ्ट फिरतोय, पण त्याला चाकाशी जोडणारा हबच लॉक होत नव्हता. भरती चढत होती. मागचा बंपर भिजला तेव्हा एका कोळीदादाने ट्रॅक्टर आणून गाडी आणि होडी दोन्ही एकदम ओढून काढली. पैसे घेतले नाहीत, पण जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

तेव्हापासून मी दिव्यावर विश्वास ठेवत नाही. कडक मुरमाचं मैदान शोधा. आधी टू-व्हीलमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये सावकाश एक गोल मारा, मग फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) तसाच अर्धा. स्कॉर्पिओला मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापायला बघतात आणि एकमेकांना अडवतात. कुणी हँडब्रेक ओढल्यासारखी गाडी अडखळली पाहिजे. लोण्यासारखी फिरली तर पुढची चाकं झोपलेली आहेत. (फॉर्च्युनर बघणार असाल तर ही परीक्षा लागू नाही, जुनी फोर बाय फोर फॉर्च्युनर कायमच चारही चाकांवर चालते.) मग गाडी थांबवून, न्यूट्रलला, क्लच दाबून फोर-लो (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त). खालून 'खट्' आवाज आला पाहिजे, आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडल्यावर गाडी अ‍ॅक्सिलरेटर न देता माणूस चालतो त्याहूनही हळू सरकली पाहिजे. हे दोन्ही होत नसेल तर तुम्ही टू-व्हील ड्राइव्ह घेताय, एवढं धरून भाव करा.

दुसरं म्हणजे चेसिस, गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. उरणला एक गाडी बघायला गेलो होतो, वरून नवरीसारखी. खाली काळा रंग ताजा, वासही गेला नव्हता. मी मागच्या चाकाच्या वरच्या बाजूला, जिथे सस्पेन्शनचा आर्म चेसिसला बसतो तिथे, पान्ह्याने ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि मग भद्द. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर हाताएवढा पापुद्रा पापडासारखा खाली पडला. मालक म्हणाला, "साहेब, ते मातीचं असेल." इंजिनाचं काम करून घेता येतं, सुटे भाग कुर्ल्याला मिळतात, चेसिस मिळत नाही. आधीचा मालक समुद्रकाठचा असेल तर स्टेपनीच्या वरची जागा आणि डिकीच्या दाराची खालची कड हाताने चाचपा.

इंजिनाचं थोडक्यात: मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा. चालू झाल्यावर ऑईलचं झाकण काढा. भकभक धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, खर्च मोठा. डिफरन्शियलचं ऑईल चहाच्या रंगाचं दुधाळ निघालं तर पाणी गेलंय. एसी लावून घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ दोनदा चढवा आणि तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा.

ब्रेककडे मात्र नीट बघा. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. तुमचा त्याच्या आतला, म्हणजे त्यालाही बहुधा ब्रेक नसणार, आणि अलिबागच्या वाटेवरची कार्लेखिंड उतरताना सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ट्रेलर जोडतो त्या बॉलवर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हवा, तुमच्यासाठी ३५-७० किलो. घरचा वजनकाटा ट्रेलरच्या नाकाखाली ठेवून मोजा, ट्रेलरवर होडी पुढेमागे सरकवून जुळवा. नाकावर भार कमी पडला की सत्तरच्या पुढे ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. हुक बंपरला नको, चेसिसलाच बोल्टने.

आणि पाण्यावर पोचल्या पोचल्या ट्रेलर आत ढकलू नका. चाकाचं तापलेलं बेअरिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढलं जातं. वीस मिनिटं थांबा, चहा प्या.

कागद: २०१२ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं २०२७ ला पुरी. मग फिटनेस, फेरनोंदणी, ग्रीन टॅक्स, आणि नोंदणी पाच वर्षांपुरतीच. हे आताच भावातून वजा करा. लोन असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं कर्ज उतरवायला), शिवाय मालकी बदलण्याच्या फॉर्म २९-३० वर सह्या. ई-चलान आधी तपासा. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दाखवली तर भुलू नका. तिथल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे ती स्वस्त असते, आणि महाराष्ट्राचा टॅक्स तुम्हाला वेगळा भरावा लागतो. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि विमा कंपनीला हुकबद्दल लेखी कळवा.

एवढं करून स्कॉर्पिओ पास झाली तर घ्या, आणि टायर, क्लच, सगळी ऑईलं यांसाठी लाखभर वेगळे ठेवा. बघायला जाताना जुनी चादर न्या, खाली आडवं पडावं लागतं. मी दहिसरला असतो, पान्हा माझ्याकडे आहे. रविवारी जाणार असाल तर सांगा.