परसातील जलतरण तलावाचे काम कोणाला द्यावे?

प्रश्न : नाशिकजवळ गोवर्धन शिवारात आमचा बंगला आहे. मागील मोकळ्या जागेत २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल असा पोहण्याचा तलाव बांधावा, असे आम्ही ठरवले आहे. तीन ठेकेदारांची अंदाजपत्रके आली आहेत. पहिल्याचे सर्वांत स्वस्त असून त्यात ‘तलाव पूर्ण करून देणे’ एवढाच उल्लेख आणि एकूण रक्कम आहे. त्याला ६० टक्के रक्कम आगाऊ हवी आहे. दुसऱ्याचे मध्यम दराचे असून आधी चाचणी खड्डा घ्यावा आणि मगच अंतिम आकडा ठरवावा, असे त्याचे म्हणणे आहे. तिसरा ठेकेदार परगावचा आहे. तो फायबरचा तयार तलाव आणून बसवणार असून त्याने पाठवलेली छायाचित्रे अतिशय देखणी आहेत. घरात दोन लहान नातवंडे आहेत. निवड कशी करावी, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, गोवर्धन

उत्तर : तिघांपैकी फक्त दुसऱ्या ठेकेदाराने आपल्या जमिनीत काय आहे हे विचारले, ही बाब मला दरांतील फरकापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. तलावात किती पाणी राहील, फरशी कोणत्या रंगाची असेल आणि दिवे कोठे बसतील, हे सगळेच सांगतात. परंतु तलाव टिकतो की तडकतो, हे बहुतांशी त्याच्या बाहेरच्या मातीवर आणि मातीतल्या पाण्यावर ठरते.

नाशिक परिसरात थोड्या अंतरावर जमीन बदलते. कोठे हातभर मातीखाली काळा कातळ लागतो, तर गोदावरीच्या आणि ओढ्यांच्या काठाकडे काळ्या मातीचा जाड थर असतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा मातीवर थेट तळ टाकला, तर काँक्रीट कितीही चांगले असले तरी ते वर्षानुवर्षे खालीवर ओढले जाते. त्याहूनही वाईट म्हणजे अर्धा तळ कातळावर आणि अर्धा भरावावर बसवणे, कारण भराव दबतो, कातळ दबत नाही, आणि दोहोंच्या सीमेवर तळाला तडा जातो. म्हणून काळी माती पूर्ण काढून तळ सर्वत्र सारख्याच घट्ट मुरमावर किंवा कातळावर घ्यावा लागतो आणि भिंतींच्या बाहेरही खोदाईतून निघालेली काळी माती परत न लोटता मुरूम थराथराने ठोकून भरावा लागतो. हे ज्याच्या अंदाजपत्रकात नाही, त्याचा दर स्वस्त दिसणारच.

भूजलाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. पावसाळ्यात तलावाच्या तळापेक्षा भूजल एक मीटर वर आले, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून एक टन एवढा दाब वर ढकलतो. आपल्या तलावाचा तळ सुमारे २८ चौरस मीटर भरतो, म्हणजे हा रेटा २८ टनांचा झाला. आठ इंच जाडीच्या काँक्रीटचे वजन चौरस मीटरला साधारण अर्धा टन असते. भिंतींचे वजन जमेस धरूनही रिकामा तलाव अशा वेळी जेमतेम तग धरतो. तलाव भरलेला असताना आतील सुमारे ३४,००० लिटर पाणी त्याला खाली दाबून ठेवते, पण ऐन पावसाळ्यात सफाईसाठी तो रिकामा केला की तळ उचलला जाण्याचा धोका असतो. म्हणून आपल्या किंवा शेजारच्या विहिरीचे पाणी ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये किती वर येते, हे पाहून ठेवावे आणि ठेकेदाराला विचारावे की त्यावर त्याचा उपाय काय. तळाखाली खडीचा थर आणि पाणी उपसण्याचा खड्डा, बाहेरचा दाब वाढल्यावर आपोआप उघडणारी झडप, किंवा तळाची वाढीव जाडी, यांपैकी काहीतरी ठोस उत्तर त्याच्याकडे असले पाहिजे. ‘आपल्याकडे असे कधी होत नाही’ हे उत्तर मिळाल्यास त्या माणसाला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायबरचा तलाव लवकर बसतो आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, हे खरे. मात्र तो वजनाने हलका असल्यामुळे वरील धोका त्याला अधिक लागू होतो, तसेच त्याच्याभोवतीचा भराव अत्यंत काळजीपूर्वक करावा लागतो. शिवाय एवढी मोठी तयार वस्तू ट्रक आणि क्रेनने आपल्या परसापर्यंत पोहोचते का, हेही पाहावे. परगावचा ठेकेदार वाईट असतो असे नाही. परंतु पहिल्या पावसाळ्यानंतर तक्रार निघाल्यास नाशकात येऊन ती कोण पाहणार, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

काँक्रीटचा तलाव घेणार असाल तर नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असावी आणि त्याने दोन्ही अवस्थांचा हिशेब केलेला असावा : तलाव भरलेला असून बाहेर माती नाही, आणि तलाव रिकामा असून बाहेर ओली माती व पाणी आहे. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे. घराच्या स्लॅबचा हिशेब तलावाला लावून चालत नाही. कामाच्या पद्धतीविषयी आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, तो म्हणजे पाइप, तळाशी पाणी ओढणारी जाळी आणि दिव्यांचे खण काँक्रीट ओतण्यापूर्वी बसवणार की नंतर भिंत फोडून. नंतर फोडणाऱ्याचा तलाव बहुधा त्याच जागी गळतो. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पाणीरोधक पट्टी टाकणे, पाइप मातीखाली गाडण्यापूर्वी त्यांची दाबचाचणी घेणे, आणि फरशी बसवण्यापूर्वी, बाहेरचा भराव करण्यापूर्वी तलाव काठोकाठ भरून गळती तपासणे, या तीन गोष्टी करारात शब्दशः लिहून घ्याव्यात. चाचणीच्या वेळी पाण्याने भरलेली एक बादली तलावाच्या पायरीवर ठेवावी. बादलीतील पाणी जेवढे उतरेल तेवढे बाष्पीभवन. तलावातील पाणी त्याहून अधिक उतरले तर ती गळती.

छायाचित्रांवर विसंबून राहू नये. प्रत्येकाकडून किमान तीन पावसाळे पाहिलेल्या तलावांचे पत्ते घ्यावेत आणि शक्यतो ठेकेदार सोबत नसताना मालकांशी बोलावे. वरून किती पाणी घालावे लागते, फिल्टरची खोली कोरडी असते का, बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी आला, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. फरशीच्या सांध्यांतून पांढरे क्षार बाहेर आलेले दिसले, तर आतून पाणी झिरपत असण्याची शक्यता असते.

नातवंडांचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून हे थोडे आग्रहाने लिहितो. तळाशी पाणी ओढणारी जाळी एकच नसावी. एकमेकींपासून दूर अशा दोन असाव्यात, म्हणजे एकीवर मुलाचे अंग किंवा केस ओढले जाण्याचा धोका कमी होतो. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचे असावेत, संपूर्ण वायरिंगला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे ब्रेकर आणि योग्य अर्थिंग असावे, आणि तलावाभोवती किमान ४ फूट उंचीचे, चढता न येणारे कुंपण व आपोआप बंद होणारे, वरच्या बाजूला कडी असलेले फाटक असावे. ज्या ठेकेदाराने या बाबी ‘हवे असल्यास जादा’ या सदरात टाकल्या असतील, त्याला त्या मूळ कामात घेण्यास सांगावे. तो कुरकुरला तर त्यावरूनही त्याची पारख होईल.

आता पैशांविषयी. ६० टक्के आगाऊ देणे मला मुळीच योग्य वाटत नाही. खोदाई सुरू करण्यापुरती आगाऊ रक्कम, पुढे तळ, भिंती, पाण्याची चाचणी, फरशी आणि फिल्टर अशा टप्प्यांनी, आणि शेवटचे १० टक्के एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, अशी वाटणी ठरवावी. तिन्ही अंदाजपत्रके एकाच तक्त्यात मांडून पाहावीत. कातळ लागल्यास तो फोडण्याचा दर, माती उचलून नेण्याचा खर्च, वीजजोडणी, पहिल्या भरण्यासाठी टँकर आणि जीएसटी, हे कोणी धरले आहे व कोणी वगळले आहे, ते पाहिल्यावर स्वस्त–महाग हा क्रम बदलू शकतो. बांधकाम परवानगीबाबत आपली जागा महापालिकेच्या हद्दीत येते की महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हे आपल्या वास्तुविशारदाकडून खोदाईपूर्वीच तपासून घ्यावे.

आपल्या पत्रावरून दुसऱ्या ठेकेदाराला चाचणी खड्ड्यासाठी वेगळे पैसे देऊन बोलवावे आणि त्याने बांधलेले जुने तलाव पाहून समाधान झाल्यास काम त्यालाच द्यावे, असे मी सुचवतो. खोदाई दिवाळीनंतर सुरू केल्यास काँक्रीट, चाचणी आणि भराव ही कामे जूनपूर्वी सहज आटोपतात.

प्रश्न : आमचे घर ज्या ठेकेदाराने बांधले, तो विश्वासू आहे. तलावाचे काँक्रीट त्याच्याकडून आणि फिल्टर दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतले तर चालेल का? त्यात बरीच बचत होते.
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : चालेल, परंतु जबाबदारी विभागली जाते, हे ध्यानात ठेवावे. पाणी कमी होऊ लागले की बांधणारा म्हणतो पाइप गळतो आणि पाइप बसवणारा म्हणतो भिंत गळते, अशी तक्रार मी अनेक पत्रांतून वाचतो. यावर उपाय असा की फिल्टरच्या पुरवठादाराला काँक्रीटपूर्वीच जागेवर आणून पाइपांच्या जागा त्याच्याकडून निश्चित करून घ्याव्यात, काँक्रीटच्या दिवशी त्याचा माणूस हजर ठेवावा, आणि पाइपांची दाबचाचणी व तलावाची पाणीचाचणी दोघांच्या सह्यांनिशी नोंदवावी. फिल्टर विकत घेताना पंपाच्या अश्वशक्तीपेक्षा तो तलावातील सगळे पाणी किती तासांत एकदा फिरवतो, हे विचारावे. घरगुती तलावासाठी सहा ते आठ तास ठीक मानतात. वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना निघणारे पाणी कोठे सोडायचे, हेही नकाशातच ठरलेले असावे, कारण ते शेजाऱ्यांच्या आवारात गेल्यास वाद ओढवतो. घराच्या ठेकेदाराने यापूर्वी पाण्याची मोठी टाकी बांधली असेल, तर ती अवश्य पाहून यावी. ती कोरडी आणि डागरहित असेल तर काम देण्यास हरकत नाही. तसे एकही काम त्याने केलेले नसल्यास त्याच्या सचोटीबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे काम अनुभवी माणसाकडे सोपवावे.