इन्स्ट्रुमेंट अप्रोचची (बाहेर न बघता उपकरणांच्या भरवशावर रनवेकडे उतरायची) प्रोसिजर किचकट असली की पायलटच्या चुका वाढतात का?

वाढतात. पण किचकटपणा नुसता चार्टवर नसतो, तो वेळेत असतो. पायऱ्यापायऱ्यांनी उतरायचा व्हीओआर-डीएमई अप्रोच (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून दिशा आणि अंतर घेत उतरणं) आधी नीट ब्रीफ करून, म्हणजे बोलून घेऊन, उडवला तर जमतो. तोच ऐनवेळी गळ्यात पडला की भलेभले गडबडतात.

मी चाळीसगावचा. ट्रेनिंगमध्ये सिम्युलेटरवर आयएलएस (रनवेची रेघ आणि उतार दाखवणारी रेडिओ यंत्रणा) लावून, मिनिमा (कुठवर खाली यायचं ती मर्यादा) बोलून तयार होतो, तेवढ्यात इन्स्ट्रक्टर साहेबांनी रनवे बदलला. म्हणजे चार्ट नवा, फ्रिक्वेन्सी नवी, ओबीएसवर (दिशा लावायच्या बटणावर) कोर्स नवा, डीएमईच्या दर टप्प्याला वेगळी उंची, मिस्ड अप्रोचचं (उतरणं सोडून पुन्हा वर जायचं) वळणही उलट्या अंगाला. त्यात विमान आधीच उंच. मी सरळ होल्ड मागितला, म्हणजे तिथेच घिरट्या घालत थांबायची परवानगी. फेरी मारता मारता चार्ट क्लिपला लावला, स्टेशनच्या ओळखीचा मोर्स ऐकून खात्री केली, मग उतरलो. साहेबांचा शेरा काय, तर 'स्लो'. वर, "एअरलाइनमध्ये असले लाड चालत नाहीत." वडील ट्रकवर होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "कन्नड घाटमा धुकं ऱ्हायनं ते मी बी आधी गाडी बाजूले लावसू."

साहेबांना तेव्हा काली शहराजवळच्या विमान अपघाताचं उदाहरण द्यायला हवं होतं. 20 डिसेंबर 1995, कोलंबिया, अमेरिकन एअरलाइन्सचं 757. विमानाला उशीर झालेला, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) सरळ रनवे 19 देऊ केला, यांनी घेतला. घाईत रोझो या रेडिओ बीकनसाठी एफएमएसमध्ये (विमानाला वाट दाखवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, आमच्या भाषेत 'डब्यात') नुसता 'आर' टाकला. चार्टवर रोझोची खूण 'आर'च होती, पण डेटाबेसमध्ये त्या अक्षराला बोगोटाकडचा रोमिओ बीकन निघाला. विमान डावीकडे वळलं आणि डोंगरावर गेलं. 163 पैकी 159 माणसं गेली. बटण पायलटनेच दाबलं, कबूल. पण चार्ट एक म्हणतो, डबा दुसरं म्हणतो आणि वेळ कोणाकडेच नाही, हा सापळा त्याने एकट्याने रचला नव्हता.

म्हणून शिकत असाल तर 'अनेबल' (जमणार नाही) म्हणायला लाजू नका. शेरे मारणारे मारत राहतात.

हां, सगळंच प्रोसिजरच्या माथी मारू नका. कालीला रात्र होती, एटीसीचं रडार बंद होतं, वर चढताना स्पीडब्रेकही (वेग मारायला पंखांवर उघडायच्या फळ्या) उघडेच राहिले होते. हल्ली सलग उतरणीचे अप्रोच आल्यामुळे पायरी चुकायची भीती कमी झालीय. पण डब्यात भरलेला अप्रोच चार्टशी ताडून बघायचं काम दोघा पायलटांना अजूनही करावंच लागतं.